हातावरचा ऑक्टोपस आणि तो लपवायचं सामान

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचायला नको. टॅटू लपवण्यासाठी म्हणून जे चार वस्तूंचं किट विकलं जातं, त्यातली पावडर उत्तम, नारिंगी करेक्टर (क्रीमच्या आधी शाईचा रंग मारायला लावतात तो) चांगला, क्रीम ठीकठाक आणि स्प्रे असला काय नि नसला काय. वेगळी घेतलेली, अल्कोहोलवर चालणारी रंगांची पेटी या सगळ्यांच्या वरचढ निघाली. पण ती हाताळायला शिकावी लागते आणि प्रत्येकाला तिची गरजही नाही. कोणाला आहे, ते खाली येईलच.

मी नाटकात काम करतो. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ऑक्टोपस आहे. जाड काळ्या रेघा, मध्ये करडं शेडिंग, पायांवरच्या चकत्या लाल आणि मागे थोडं हिरवं शेवाळ. हौसेनं काढून घेतलाय, अजूनही आवडतो, लेझरनं घालवायचा वगैरे अजिबात विचार नाही. पण सध्याच्या नाटकात मी शंभर वर्षांपूर्वीच्या टपाल कचेरीतला कारकून आहे आणि पहिल्या प्रवेशापासून बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. दिग्दर्शकाला त्या खाली नको आहेत. शर्ट पांढरा. दुसऱ्या अंकात बायकोचं काम करणारी नटी नेमका तोच हात घट्ट धरून मला ओढत आणते. एखाद्या मुलाखतीत किंवा फोटोत या सामानाची इतकी कडक परीक्षा होणार नाही. वरून दिवे, आतून घाम, शर्टाचं घासणं आणि दुसऱ्याची बोटं, या सगळ्याला ते किती पुरलं यावर मी गुण देतोय. पहिल्या रांगेतल्या माणसाला हातावर काही दिसता कामा नये, एवढीच माझी मागणी. वीतभर अंतरावरून पाहिलं तर काहीतरी थापलंय हे कळणारच, त्याचे गुण मी कापणार नाही.

किटच्या कंपनीचं नाव देत नाही. ही किट बहुतेक एकाच साच्यातली असतात. करेक्टरची छोटी चकती, दोन शेडचं जाड क्रीम, पावडर, स्प्रे आणि सोबत एक पफ. मी जे सांगणार आहे ते डबीवरचं नाव बदललं म्हणून फारसं बदलत नाही.

डोळ्यांखालची वर्तुळं झाकायचं साधं कन्सीलर टॅटूवर का चालत नाही, हे आधी समजून घेतलं तर पैसे वाचतील. सुई शाई सोडते ती कातडीच्या खालच्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर आत. म्हणून तर वरची कातडी सतत झडत असली तरी टॅटू जात नाही. काळी शाई म्हणजे बहुतेक वेळा कार्बन, काजळीचीच बहीण. पण कातडीतून पाहताना ती निळसर दिसते, कारण लाल प्रकाश आत खोलवर शिरून शाईत जिरतो आणि निळा प्रकाश वरच्यावर विखरून परत येतो. या निळसर काळ्यावर अंगाच्या रंगाचं क्रीम फासलं की दोन्ही मिळून राखाडी डाग तयार होतो. त्यावर आणखी फासलं की तोच डाग आणखी जाड होतो. बाजारातली निम्मी निराशा इथूनच सुरू होते. लोक ‘फुल कव्हरेज’ असं छापलेली ट्यूब आणतात, ती निम्मी संपवतात आणि शेवटी बाही खाली ओढून बाहेर पडतात.

आमच्या रंगपटात रंगभूषा करणारे काका आहेत. त्यांनी माझा हात उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, “अरे, लगेच झाकायला बघू नकोस. आधी त्याचा रंग मार, मग झाक.” रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी, हिरव्यासमोर लाल, जांभळ्यासमोर पिवळा. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात आणि उरतो तो मातकट, कातडीच्या जवळ जाणारा रंग. बाकी सगळी कारागिरी त्याच्यावर उभी राहते.

म्हणून किटमधल्या करेक्टरपासून सुरुवात. चकतीत पाच रंग: पीच, नारिंगी, पिवळा, हिरवा, फिकट जांभळा. मी गव्हाळ-सावळा आहे, त्यामुळे माझ्या कामाचा नारिंगीच. खूप गोऱ्या कातडीवर नारिंगी बोंब मारतो, तिथे पीच लागतो. गडद कातडीला याहून लालसर, विटकरी नारिंगी लागतो आणि तो या चकतीत नाही. किट बनवणाऱ्यांनी गडद रंगाच्या माणसांचा विचार अर्धवटच केलाय, हा माझा पहिला आक्षेप. पाचव्या, फिकट जांभळ्या रंगाचं टॅटूवर काय काम आहे, मला माहीत नाही. ती जागा विटकरीला दिली असती तर बरं झालं असतं.

आहे तो नारिंगी मात्र दाणेदार नाही, बोटाच्या उबेनं लगेच मऊ होतो आणि रंग भरपूर आहे. लावायची पद्धत अशी की तो फक्त शाईवर जायला हवा, आजूबाजूच्या कोऱ्या कातडीवर नको. चपटा, बारीक ब्रश घ्यायचा आणि रेघेवरून रेघ ओढायची. माझ्या ऑक्टोपसचे आठही पाय असे गिरवायचे म्हणजे चित्रकलेचा तासच असतो. जिथे शेडिंग फिकट आहे तिथे थर अगदी पातळ, जिथे रेघ ठसठशीत काळी आहे तिथे थोडा जाड. सगळीकडे सारखा लावला तर फिकट भागांतून नारिंगी वर डोकावतो आणि रंगमंचाच्या पिवळट दिव्यांत हातावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. लाल चकत्यांवर नारिंगी लावायचा नाही, तिथे हिरव्याचा पुसटसा हात. हिरव्या शेवाळावर मी नारिंगीत मेकअपच्या डब्यातला थोडा लाल मिसळतो, तेवढ्यावर भागतं. बरं, रंगीत टॅटू लपवायला कठीण आणि काळा सोपा, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा. लाल चकत्या निमूट बसतात. त्रास देतात त्या काळ्या रेघाच, कारण काळ्याला खऱ्या अर्थानं समोरचा रंगच नाही. त्याचा निळेपणा मारता येतो, काळेपणा झाकावाच लागतो.

तो झाकायला क्रीम. या प्रकारच्या क्रीमला कॅमोफ्लाज क्रीम म्हणतात आणि त्याची मुळं टॅटूत नाहीत, हे त्याच्या गुणदोषांवरून कळतं. अमेरिकेत लिडिया ओ’लिअरी या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मतःच लाल-जांभळा डाग होता. तो झाकण्यासाठी त्यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘कव्हरमार्क’ तयार केलं. ब्रिटिश रेड क्रॉसनं 1975 मध्ये भाजल्याचे व्रण, कोड आणि जन्मखुणा असलेल्यांना ही क्रीम लावायला शिकवण्याची सेवा सुरू केली. 2011 मध्ये ती ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेकडे गेली. दुसरा प्रवाह सिनेमाचा. ‘डर्माकोल’ 1966 मध्ये प्रागच्या बारांडोव्ह फिल्म स्टुडिओत जन्मलं. बर्लिनची ‘क्रायोलान’ ही 1945 पासूनची नाटक-सिनेमाच्या मेकअपची कंपनी, तिचं ‘डर्माकलर’ आमच्या काकांच्या पेटीत कायम असतं आणि ते त्याची शपथ घेतात. थोडक्यात, हे सामान मुख्यतः चेहऱ्यासाठी घडलं. चेहऱ्याची कातडी गुळगुळीत, तिच्यावर बाही घासत नाही, ती कोपरासारखी दुमडत नाही. हाताला लावताना या क्रीमकडून आपण त्याच्या मूळ कामाबाहेरचं काम करून घेतोय, हे ध्यानात ठेवून त्याला गुण द्यावेत.

क्रीममध्ये असतं काय, तर मेण, तेल आणि ठासून भरलेलं रंगद्रव्य. अंगचा तपकिरी-पिवळा-लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, आणि खालचं काही दिसू न देण्याचं काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडचं. हे पांढरं. त्यामुळे झाकण्याची ताकद वाढवायला ते जितकं घालावं तितकी शेड चुन्याकडे झुकते. किटमधल्या माझ्या शेडचं हेच झालं. डबीत दिसते गव्हाळ, हातावर गेली की राखट. मी ती तशीच्या तशी कधी लावत नाही. दुसरी, गडद शेड त्यात मिसळतो आणि नखाएवढा करेक्टरचा नारिंगी घालतो, मग रंगात जीव येतो. एकाच डबीत कोणाचाही हात झाकला जाणार नाही, हे धरूनच चला. हाताच्या बाहेरच्या बाजूला ऊन लागलेलं असतं, आतली बाजू उजळ असते. माझा ऑक्टोपस दोन्हीकडे पसरलाय, म्हणून दोन मिश्रणं करतो आणि कडेला एकमेकांत विरवतो.

लावताना चोळायचं नाही. चोळलं की खालचा नारिंगी उचलला जातो आणि सगळाच चिखल होतो. स्पंजानं टिपटिप दाबत जायचं, थर पातळ ठेवायचा आणि कडा टॅटूच्या बाहेर दोन बोटं नेऊन विरवायच्या. टॅटूच्या आकारातच क्रीम थांबवलं तर प्रेक्षकाला ऑक्टोपसऐवजी ऑक्टोपसच्या आकाराचा ठिगळ दिसतो, फरक तेवढाच. हातावरच्या केसांबद्दल कुठल्याच डबीवर लिहिलेलं नसतं. केसांत क्रीम अडकतं, गोळे होतात आणि पावडर मारली की केस पिठात बुडवल्यासारखे दिसतात. आदल्या दिवशी केस काढावेत. त्याच दिवशी नको, ताज्या दाढीवर जे झोंबतं ते हातावरही झोंबतं.

या क्रीमची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती कुठल्याही मेकअपची आहे. मेकअप रंग झाकतो, उंचवटा झाकत नाही. माझ्या दोन रेघा काढताना सुई जरा जास्त खोल गेली असावी, तिथली कातडी किंचित फुगलेली आहे. समोरून दिवा असला तर काही कळत नाही. बाजूच्या दिव्यात त्या रेघांची सावली पडते आणि रंग पूर्ण झाकलेला असूनही पायाचा वळसा दिसतो. याला डबीत उत्तर नाही. मी प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राला सांगून त्या प्रवेशातला बाजूचा दिवा थोडा मंद करून घेतला. प्रत्येकाला ही सोय नसते, म्हणून खरेदीआधी डोळे मिटून टॅटूवर बोट फिरवून पाहा. बोटाला रेघ लागली तर ती उजेडालाही लागणार.

आता पावडर. किटमधली सगळ्यात साधी दिसणारी डबी आणि खरी कामाची तीच. पांढरट, वासरहित, पिठापेक्षा बारीक. करेक्टर लावला की तिचा एक हात, क्रीमच्या प्रत्येक थरावर पुन्हा एक. पावडर क्रीममधलं मोकळं तेल शोषून घेते आणि थर जागेवर बसतो. ती नसेल तर वरचं क्रीम खालच्या करेक्टरशी मिसळतच राहणार. घाई मात्र चालत नाही. पफवर सढळ पावडर घ्यायची, दाबून बसवायची आणि पाच ते दहा मिनिटं तशीच राहू द्यायची. तेवढ्या वेळात हात पांढराफटक दिसतो, विंगेतून जाणारा येणारा चेष्टा करतो. मग मऊ ब्रशनं जादा पावडर झटकायची आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजानं एकदा हलकं टिपायचं. तो पिठूळपणा जातो आणि कातडी कातडीसारखी दिसते. एवढं केलं की माझा हात पहिला अंक पूर्ण तरतो आणि दुसऱ्यातलं ओढणंही बऱ्यापैकी सोसतो. पावडरला पैकीच्या पैकी गुण. फोटोसाठी लपवणाऱ्यांना मात्र एक इशारा. अतिबारीक सिलिका असलेल्या पावडरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅशच्या उजेडात पांढरे डाग होऊन उमटतात. आधी अंधारात फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा.

एवढ्यावर एक अडचण उरते, आणि ती काकांनीच सोडवली. सगळं नीट झाल्यावर हात फार स्वच्छ दिसतो. खरी कातडी एकरंगी नसते. तिच्यात लालसर ठिपके, तीळ, शिरांची निळसर झाक असते. ऑक्टोपसच्या जागी जेव्हा नुसता सपाट पट्टा येतो, तेव्हा प्रेक्षकाची नजर तिथेच जाते. काकांनी जाळीदार, राठ स्टिपल स्पंजाला थोडा विटकरी आणि थोडा तपकिरी रंग लावला, स्पंज टेकवला न टेकवला असं केलं आणि हात जिवंत झाला. हा स्पंज कुठल्याच किटमध्ये नसतो. असायला हवा.

स्प्रेबद्दल लिहायला फारसं नाही. अल्कोहोल आणि सुकल्यावर पातळ पापुद्रा धरणारं काहीतरी, असा तो मामला. जवळून मारला तर थेंब पडून पावडरवर ठिपके उठतात, लांबून मारला तर निम्मा हवेत जातो. सुकल्यावर शर्टाला लागणारा रंग किंचित कमी होतो हे खरं. पण नीट बसवलेल्या पावडरीनंतर तो फरक इतका थोडा आहे, की स्प्रे संपला तेव्हा मी नवा आणला नाही.

पांढऱ्या शर्टाचा हिशेब वेगळा सांगतो, कारण बहुतेकांना तोच जाणून घ्यायचा असतो. डबीवर लिहिलेलं असतं ‘पाण्यात टिकणारं’, ‘डाग न लागणारं’. पाणी खरंच चालतं. हात नळाखाली धरला, थेंब टिपून घेतले, काही बिघडलं नाही. मेणाला पाण्याची भीती नसतेच. पण घाम म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात तेलकटपणा मिसळलेला असतो, तो आतून येतो आणि थराला खालून उचलतो. कोपराच्या घडीत सगळ्यात आधी फूट पडते, मग मनगटाशी. दुमडलेल्या बाहीच्या कडेला दर प्रयोगात फिकट तपकिरी रेघ उमटते. आमच्या वेशभूषेच्या ताईंनी बाहीला आतून तपकिरी अस्तर लावून तो प्रश्न त्यांच्या परीनं मिटवला. नटीच्या बोटांना थोडा रंग लागतोच, ती मध्यंतरात माझ्या नावानं दोन शब्द बोलते.

त्यासाठीच अल्कोहोलची पेटी घेतली. ही सिनेमावाल्यांची चीज. केनी मायर्स या रंगभूषाकारानं तयार केलेली ‘स्किन इलस्ट्रेटर’ ही त्यातली नामांकित मालिका. त्याच जातीच्या इतरही पेट्या मिळतात आणि माझी त्यातलीच एक. रंगांच्या कडक वड्या असतात. त्यांना पाण्यानं काही होत नाही, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं त्या विरघळतात. 70 टक्क्यांच्या अल्कोहोलनंही काम होतं, पण त्यात पाणी असल्यामुळे सुकायला वेळ लागतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांत सुकतो. सुकल्यावर हा रंग हलत नाही. घाम, पाणी, बाही, नटीची बोटं, कशानंही नाही. पहिल्यांदा प्रयोगानंतर बाही पाहिली तेव्हा तिच्यावर रंगाचा मागमूसही नव्हता. नटीनं स्वतःची बोटं तपासली आणि त्या दिवशी माझ्याशी गोड बोलली.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण हा रंग माफ करत नाही. क्रीम चुकलं तर ओढून सारखं करता येतं. हा काही सेकंदांत सुकतो आणि सुकला की सुकला. थर पारदर्शक असतात, म्हणून एका झटक्यात काही झाकलं जात नाही. नारिंगी, मग अंगाचा रंग, मग पुन्हा थोडा वेगळा अंगाचा रंग, असं चढवत न्यावं लागतं. आणि नवा थर लावताना ब्रशमध्ये अल्कोहोल जास्त झालं तर तो खालचा थर विरघळवून उचलतो. हात बसला की यातून जे निघतं ते क्रीमपेक्षा कितीतरी खरं दिसतं, कारण जाडी नसते आणि कातडीची बारीक जाळी वरून तशीच दिसत राहते. हात बसेपर्यंत मात्र भिंतीला पोपडे आल्यासारखं दिसतं.

शिवाय अल्कोहोल ते अल्कोहोल. चटकन पेट घेतं, म्हणून जवळपास ज्योत, सिगारेट काही नको. बंद खोलीत वासानं डोकं धरतं, खिडकी उघडी हवी. खरचटलेल्या, नुकतंच शेव्ह केलेल्या किंवा मुळातच कोरड्या कातडीवर नको. डोळ्यांच्या आसपास तर नकोच. रोज वापरलं तर हात तडतडतो. मी रात्री मलम लावतो आणि लागोपाठच्या प्रयोगांत एक आड एक क्रीमवर येतो. दर्जाला पूर्ण गुण, सोयीला निम्मे.

उतरवण्याचा भाग परीक्षणांत कोणी लिहीत नाही, आणि माझा निम्मा वैताग तिथे आहे. क्रीमचा थर साबणानं जात नाही, नुसता पसरतो. आधी तेल किंवा कोल्ड क्रीम भरपूर लावायचं, मिनिटभर थांबायचं, मऊ कापडानं पुसायचं आणि मग साबण. काथ्यानं घासल्यासारखं घासून कातडी लाल करून घेणारे नट मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी त्या सोललेल्या कातडीवर काहीच नीट बसत नाही. अल्कोहोलच्या रंगाला त्याचा स्वतःचा रिमूव्हर लागतो. बहुतेकांत आयसोप्रोपिल मिरिस्टेट असतं, तेलकट पण सौम्य. तो पेटीसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि पेटी विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दलही एक बोलू द्या. एक पुसटसा हात फिरवला आणि टॅटू गायब, असले. कॅमेरा, दिवे आणि मधली कापाकापी, या तिघांचं ते काम असतं. या जातीतली सगळ्यात गाजलेली जाहिरात 2011 मधली ‘डर्माब्लेंड’ची. अंगभर सांगाडा गोंदवलेल्या रिक जेनेस्टला त्यांनी डोक्यापासून कमरेपर्यंत कोऱ्या कातडीचा करून दाखवला आणि मग त्यानं स्वतःच्या हातानं मेकअप पुसत आतला सांगाडा बाहेर काढला. जाहिरात म्हणून लाजवाब, आणि क्रीमची ताकदही त्यात खरीच दिसते. फक्त त्यामागे कसलेल्या लोकांची कित्येक तासांची मेहनत होती, ही गोष्ट डबी उघडताना विसरू नये.

कातडीच्या रंगाच्या ताणून बसणाऱ्या बाह्याही मिळतात. घालायला सोप्या, डागाची भानगड नाही. पण दिव्यात चकाकतात आणि मनगटाशी कड दिसते. मागच्या रांगेत उभं राहायचं असेल तर चालतील. चिकटवायच्या पातळ पट्ट्या छोट्या टॅटूला बऱ्या, ऑक्टोपसला नाहीत.

कोणी काय घ्यावं? एका दिवसापुरतं, फोटोसाठी किंवा समारंभासाठी लपवायचं असेल तर अख्खं किट नको. नारिंगी करेक्टर, स्वतःच्या शेडच्या दोन बाजूंची दोन क्रीम आणि चांगली पावडर सुटी घ्या. कामावर रोज लपवावं लागत असेल तर तेच, पण कोल्ड क्रीमचा मोठा डबा सोबत. नाचणारे, नाटकवाले, पोहतानाची दृश्यं करणारे, यांनी अल्कोहोलची पेटी घ्यावी आणि एखाद्या जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावी. टॅटू ताजा असेल तर यातलं काहीही नको. वरची कातडी भरून यायलाच साधारण दोन ते चार आठवडे जातात आणि उघड्या जखमेवर मेण-रंग थापणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. जुन्या टॅटूवरही नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस पाहावी. लाल शाईची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच, त्या जागेची कातडी आधीच चिडलेली असते.

किट घेतलंच, तर त्यातला पफ फेकून द्या. तो इतका पातळ आहे की पावडर धरत नाही आणि एका धुण्यात त्याचे दोरे सुटतात. जाड मखमली पफ वेगळा आणा, आणि जमलेल्या मिश्रणाचं प्रमाण डबीच्या झाकणाखाली पेन्सिलीनं लिहून ठेवा.